ब्रह्मचर्याचे वचन आणि खरे बोलण्याची शिक्षा

संपादक महोदय,

पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर मराठीत जे लिहून आले, त्यात ‘न्याय करणारा मी कोण?’ हे त्यांचे २०१३ सालचे उद्गार वारंवार आढळले. ते समलिंगी माणसांविषयी होते, हे बहुतेकांना माहीत आहे. मात्र रिओहून परतताना विमानात पत्रकाराने विचारलेला तो प्रश्न व्हॅटिकनच्या सेवेतील एका धर्मगुरूवरून निघाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. मला लिहायचे आहे ते त्या राहून गेलेल्या बाजूविषयी, म्हणजेच पाचारणाविषयी, धर्मगुरू होण्यासाठी देवाकडून येणाऱ्या हाकेविषयी.

ज्यांची समलिंगी प्रवृत्ती ‘खोलवर रुजलेली’ आहे त्यांना सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) प्रवेश व गुरुदीक्षा देऊ नये, असे रोमने २००५ साली सूचनापत्र काढून ठरवले. ही प्रवृत्ती तात्पुरती असेल, तर डीकनपदाच्या (धर्मगुरुपदाआधीच्या पायरीच्या) दीक्षेपूर्वी किमान तीन वर्षे ती मावळलेली असावी, अशी सवलत त्यात आहे. दीक्षा मिळावी म्हणून उमेदवाराने आपली समलैंगिकता लपवणे हा गंभीर अप्रामाणिकपणा होय, असेही तेच पत्र बजावते. म्हणजे खरे सांगेल त्याला दार दाखवायचे आणि गप्प बसेल तो वेदीपर्यंत पोहोचणार. पुढे जन्मभर इतरांचे पापनिवेदन ऐकायचे असलेल्या माणसाच्या घडणीची ही सुरुवात मला तरी विचित्र वाटते.

मी वसईचा, आणि सेमिनरीतून ‘परत आलेला’. सेमिनरीच्या प्रमुखांनी, म्हणजे रेक्टरांनी, विचारले तेव्हा मी खरे सांगितले. ते सज्जन गृहस्थ होते, आवाजही चढला नाही. पण आठवडा उलटायच्या आत मी ट्रंकेसह घरी होतो. आईने झग्यासाठी पापडीच्या बाजारातून हौसेने आणलेले पांढरे कापड पुढे खिडक्यांच्या पडद्यांना गेले. (पडदे छान झाले, हेही नमूद करतो.) शेजाऱ्यांनी ‘अभ्यास झेपला नसेल’ असा निष्कर्ष काढला आणि मुलींची स्थळे सांगून येऊ लागली. त्या काळातही मी मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली नाही, कारण मला नाकारले होते ते एका नियमाने. ज्याने बोलावले, त्याने नव्हे, अशी माझी श्रद्धा होती आणि आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे, की आपल्या लॅटिन विधीच्या (रोमन कॅथलिक) परंपरेत ब्रह्मचर्याचे वचन प्रत्येक धर्मगुरूला द्यावे लागत असेल, तर कोणाचे मन कोणाकडे ओढ घेते यापेक्षा दिलेले वचन तो पाळू शकेल का, हेच तपासायला हवे. धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे पुढे करून बंदीचे समर्थन करणाऱ्यांनी अमेरिकेच्या बिशपांनीच करवून घेतलेला जॉन जे कॉलेजचा २०११ चा अहवाल वाचावा. समलिंगी ओळख हे त्या गुन्ह्यांचे कारण असल्याचे त्या अभ्यासात आढळले नाही.

खुद्द पोप फ्रान्सिस यांनी मे २०२४ मध्ये इटलीच्या बिशपांशी बंद दाराआड बोलताना याच विषयावर असभ्य शब्द वापरला होता आणि व्हॅटिकनला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. तरीही जानेवारी २०२५ मध्ये त्याच बिशपांनी, व्हॅटिकनच्या संमतीने, प्रायोगिक तत्त्वावर तीन वर्षांसाठी जी नियमावली जाहीर केली, तिच्यात उमेदवाराकडे केवळ समलिंगी प्रवृत्तीच्या चष्म्यातून न पाहता त्याचे संपूर्ण व्यक्तिमत्त्व विचारात घ्यावे, असे म्हटले आहे. २००५ ची बंदी तिने उठवलेली नाही. पण निदान बोलायला जागा केली आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा समलिंगी माणसांना चर्चने कधीही गुन्हेगार मानलेले नाही, असे मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितले होते. तोच मोकळेपणा दाखवून आपल्याकडील बिशपांनी इटलीसारखी लेखी नियमावली तयार करावी, आणि सेमिनरीत पाऊल ठेवण्याआधीच, पाचारण शिबिरांमध्ये, ती मुलांना व त्यांच्या आईवडिलांना वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक प्रापंचिक, वसई