तुमच्या ओसरीचा खांब

पारोळा,
24 फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

आठवडाभर तुझे फोन घेतले नाहीत. आवाजावरून तू लगेच ओळखलं असतंस की काहीतरी झालंय, आणि हे फोनवर सांगायचं नव्हतं. घरात बोललो असतो तर माईच्या कानावर गेलं असतं. म्हणून कागद घेतला. तब्येती सगळ्यांच्या ठीक. माईचे गुडघे तसेच, माझी साखर ताब्यात. आता ऐक.

तुमच्या ओसरीचा खांब मी पाहिला. दिंडोरीला, वाइनच्या कारखान्यात.

बारक्या तिकडे एका वायनरीत बागेचं बघतो, तुला माहीतच आहे. द्राक्षं काढणीला आलीत, काका एकदा याच, असं त्याचं केव्हापासून चाललं होतं. शेवटी दाजींची गाडी काढली. दाजी, जिजी, ही आणि मी. दाजी माळकरी, त्यांना वाइनच्या गावाला न्यायचं म्हणजे काय ते तू समजू शकतोस. जिजीनं त्यांना सांगितलं होतं, द्राक्षाची शेती बघायला चाललोय. खोटं नव्हतंच.

धुळ्यात मी राजवाडे संशोधन मंडळाजवळ गाडी थांबवायला लावली. दाजी म्हणाले, गल्ली नंबर चारात शेव चांगली मिळते, तुम्ही कागद बघा, आम्ही शेव बघतो. मी एकटाच आत गेलो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्य घातलं जुन्या वाड्यांतली दप्तरं गोळा करण्यात. माळ्यावर उंदीर खात असलेली, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेली. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते गेले आणि लगेच पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. तिथले कागदांचे रुमाल बघताना माझ्या डोक्यात आमचाच वाडा. कागद तरी कुणी उचलून आणले. भिंती कोण उचलणार?

आमच्या वाड्याचं तुला अर्धवट कळलं असेल, पुरतं सांगतो. थोरल्या काकांच्या दोघांना विकायचंय. दिवाळीत ते लाकडाचा व्यापारी घेऊन आले. त्यानं तुळया मोजल्या, घनफुटाचा हिशोब केला, खांबांवर खडूनं आकडे टाकले. लाकूड वेगळं विकायचं, घडीव दगड वेगळा, आणि शेवटी मोकळा प्लॉट. माईनं दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेतलं आणि सगळे आकडे पुसले. कोणाला एक शब्द बोलली नाही. कागद तयार आहे. दोघांच्या सह्या झाल्यात, माझ्या सहीची जागा मोकळी आहे. त्या दोघांतला नाशिकचा दर रविवारी फोन करतो.

बरं, वाटेत तुझी आठवण निघाली ती लळिंगला. किल्ला दिसला की तू आगगाडीतल्या पोरासारखा ओरडायचास. मग मालेगाव आलं आणि दाजींशी माझं तेच भांडण झालं जे तुझ्याशी व्हायचं: खानदेश संपतो कुठे? तू म्हणायचास, मालेगावच्या अलीकडेच. मी तेव्हाही सांगत होतो आणि आता दाजींनाही सांगितलं, मालेगाव आणि बागलाण 1869 पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होतं, नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलं. सटाण्याच्या बाजारात आजही अहिराणी ऐकू येते. सरकारनं रेघ मारली म्हणून भाषा उठून जात नाही. दाजी म्हणाले, "मग चांदवडबी आपलंच म्हण ना भो." राहुड घाट चढेपर्यंत हेच चाललं होतं.

चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहिला. शाळेच्या सहलीत आपल्याला बाहेरूनच दाखवून पुढे रेणुकामातेला नेलं होतं. या वेळी मी आत जाऊन खांबांना हात लावला. कोरीव लाकूड, रंगवलेल्या भिंती. बरंच झिजलंय, पण खांब आपल्या तळखड्यावर, खालच्या दगडावर आहे, वर तुळई आहे, तुळईवर मजला आहे. हे मुद्दाम लिहितोय, पुढे कळेल.

पिंपळगाव बसवंत सोडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षं. बारक्या बांधावर उभाच होता. पोरगं काय तयार झालंय रे! आपल्यासमोर नाक पुसायचं, आता शिराझ आणि शेनिन ब्लां अशी नावं घेतं आणि आपल्याला समजावून सांगतं. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, दोन छाटण्यांत पीक एकच. खायच्या द्राक्षाचे घड मणी फुगावा म्हणून जीए नावाच्या संजीवकात बुडवतात. वाइनच्या द्राक्षाला ते लागत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. मालकाला मोठा मणी नकोच असतो, रंग आणि चव सालीत असते. मी एक तोंडात टाकला. इतका गोड, की आपलं बाजारातलं द्राक्ष पाणचट वाटावं. काढणी पहाटे, ऊन चढायच्या आत. 1999 साली सुला ही वायनरी निघाली, 2001 ला सरकारचं वाइनचं धोरण आलं, आणि मग या भागाचं चित्र पालटलं, असं तो सांगत होता. दाजी मात्र डावणी आणि भुरीचंच विचारत होते. शेतकरी कुठेही गेला तरी आधी रोगच विचारतो.

मग आम्हाला चव घ्यायच्या दालनात नेलं. एक मुलगी फार छान बोलत होती. ग्लास असा फिरवा, वास घ्या, या सोविन्यों ब्लांमध्ये तुम्हाला पेरू जाणवेल, कापलेलं गवत जाणवेल. दाजींनी ग्लास नाकाजवळ नेला, डोळे मिटले, आणि अगदी गंभीरपणे तिला म्हणाले, "पोरी, मला पेरूच दे." ती इतकी हसली की आतून खरंच कापलेले पेरू घेऊन आली. जिजी अजून सगळ्यांना सांगत फिरतेय.

मी हसत हसत मागे वळलो आणि खांब दिसला.

दाराच्या दोन बाजूंना दोन. पॉलिश केलेले, खालून पिवळा दिवा सोडलेला. वर कोरलेलं केळफूल. बंड्या, केळफूल पन्नास वाड्यांत असतं, हे मलाही कळतं. म्हणून जवळ गेलो. बसल्यावर माणसाचा हात पोचतो त्या उंचीला, कोरीव पानाच्या खाचेत, पांढरं होतं. घासून, तासून, पॉलिश करूनही न निघालेलं. चुना. तात्या तंबाखू मळायचे आणि बोटाचा उरलेला चुना तिथे पुसायचे. तुझी आजी रोज ओरडायची, "खांब खाईल तुमचा चुना!" खाल्ला बघ. लाकडात उतरलाय. आणि त्याच्या वरचं डावीकडचं पान तुटलेलं, जिथे तुझी विटी लागली होती आणि मार मी खाल्ला होता.

मी त्या खाचेत नख घातलं. ही म्हणाली, काय करताय, लोक बघताहेत. मला तिला सांगता येईना. पंचवीस माणसं ग्लास घेऊन उभी, आणि माझ्यासमोर तात्या बसलेले.

त्याहून वाईट पुढे आहे. खांबाच्या डोक्यावर काही नाही. छत लोखंडी गर्डरवर आहे, तो भिंतीत लपवलाय. खांबाचं डोकं आणि छत यांच्यात फट आहे, खालूनही स्पष्ट दिसते. खालचा वीतभर भाग कापलाय, तळखडा नाही, फरशीवर स्क्रूनं बसवलाय. चार पिढ्यांचा मजला ज्यानं पेलला, तो नुसता उभा आहे.

वायनरीच्या माणसांवर माझा राग नाही. त्यांनी पैसे मोजून घेतला, निगा चांगली ठेवलीय, वाळवीचं औषध दर वर्षी होतं. तुझं तेव्हाचं वाक्य मला आठवलं. तुमचा वाडा उतरवायला काढला तेव्हा बालाजीच्या रथाच्या रात्री आपण किल्ल्याच्या खंदकापाशी भांडलो होतो. तू म्हणालास, "पडून माती होण्यापेक्षा लाकूड तरी जगेल." मी तुला नाही नाही ते बोललो, आणि आपण वर्षभर बोललो नाही. लाकूड जगलंय बंड्या, तुझा शब्द खरा झाला. पण मला ते जगणं पाहवलं नाही, आणि माझं म्हणणं आजही तेच आहे. खांबाला वर ओझं पाहिजे.

मागे तळघरात ओकची पिंपं होती. बारक्या म्हणाला, वाइन महिनोन्‌महिने त्यात ठेवतात, लाकडाची चव तिच्यात उतरते, त्यासाठी फ्रान्सहून पिंपं मागवतात. लाकडाला इतका मान! आणि डांगच्या सागाला आमच्याकडे घनफुटाचा भाव.

पण भावनेनं धाबं, म्हणजे वरचं मातीचं छत, गळायचं थांबत नाही, हे तूच मला ऐकवशील. मृगाआधी दर वर्षी खारी माती टाकायला लागते. टाकणारे दोघंच उरले होते, एक गेला, दुसऱ्याचा मुलगा सुरतेला असतो, कदाचित तुझ्याच साइटवर असेल. गेल्या पावसात माजघराच्या मागच्या भिंतीनं पोट काढलं. एका तुळईला मी टेकू दिलाय. ती खोली बंद केली, पण माई दुपारी तिथेच जाऊन पडते, गार असतं म्हणते. रात्री पाऊस आला की मी उठून बसतो. समजा मी सही केली नाही आणि भिंत बसली, तर? काकांची पोरं वाईट नाहीत. तेही हेच विचारतात.

बारक्यानं एक वेगळंच काढलं. तो म्हणतो, मुंबईची माणसं शनिवारी इकडे येतात, बागा बघतात, वाइन घेतात, रविवारी दुपारी "पुढे काय बघायचं?" विचारतात. त्यांना कोणी चांदवडच्या पुढे पाठवतच नाही. चांदवड, धुळे, मग आपला किल्ला, अंमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, एरंडोलचा पांडववाडा, जमलं तर अजिंठा. वाटेत राहायला दोन खोल्या हव्यात. पुढची ओसरी आणि वरचा मजला नीट केला तर वरणबट्टी आणि कळण्याची भाकरी ही करूनच देईल. ही लगेच तयार. माई म्हणाली, दारू पिऊन येणारी नकोत. दाजी म्हणाले, पेरू खाऊन येणारी चालतील.

मला हे पटतंय आणि भीतीही वाटतेय. परतताना मनमाडवरून चाळीसगावला आलो आणि छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी थांबलो. ते 1989 ला गेले, पण त्यांचे फोटो, त्यांच्या वस्तू त्याच घरात, आणि आपल्यासारखे लोक बघायला येतात. पण ते मूस होते. रंगमहाल अहिल्याबाईंचा. आपला किल्ला नेवाळकरांच्या जहागिरीचा. आमचा वाडा कापसाच्या आडत्याचा. असल्या घरासाठी कोणी मंडळ काढत नाही. ज्याचं आहे त्यानंच ते वापरात ठेवलं तर उभं राहणार.

म्हणून तू ये. तीस वर्षं भिंती बांधतोयस, ती मागची भिंत तुझ्याशिवाय कोणाला दाखवू? इथला कॉन्ट्रॅक्टर एकच सांगतो, पाडा आणि आरसीसी करा. मला एवढंच कळायला हवं की मागचे दोन खण उतरवून पुढचे चार वाचतात का, आणि खर्च किती. तू तोंडावर "नाही वाचत" म्हणालास तर मी ऐकेन. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. एप्रिलातच ये, म्हणजे मृगाच्या आत धाब्याचं काम होईल. तोवर कागद कपाटात, सही होणार नाही.

तुझ्या धाकटीचं बारावीचं कसं चाललंय? भौतिकचा पेपर सोपा जाईल म्हणावं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते कळव. नवी साइट वेसूला मिळाली असं ऐकलं, अभिनंदन. थोरल्याचं पाहायचं चाललं असेल तर जिजीकडे एक स्थळ आहे, ती स्वतः फोन करेल, तयार राहा.

तुझा,
भाऊ

ता. क. तुमच्या ओसरीला चार खांब होते, दिंडोरीला दोनच आहेत. उरलेल्या दोघांचा पत्ता तुमचं लाकूड नेणाऱ्या व्यापाऱ्याकडून काढायला बारक्याला सांगितलंय. मिळाले तर आमच्या ओसरीचे दोन कुजलेत, तिथे बसतील का, तेही येशील तेव्हा मोजून बघ.