बॅटरी बदलण्याआधी तापलेल्या गाडीचे चार्जिंग मोजा

महोदय,

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की ‘सेल्फ लागत नाही’ म्हणून गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. अनेकांच्या गळ्यात तिथल्या तिथे नवी बॅटरी मारली जाते. दोष चार्जिंगचा असेल तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसते आणि काही हजारांचा भुर्दंड वाया जातो. हे टाळायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त मोजायचे केव्हा आणि कुठे हे कळले पाहिजे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. मात्र उतरलेली बॅटरी ही खराब बॅटरी असेलच असे नाही. आधी चार्जरवर पूर्ण भरावी, मगच लोड टेस्टर (भार देऊन बॅटरी तपासणारे यंत्र) लावावा.

खरी गोम अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, तापण्यात आहे. त्यातल्या तांब्याच्या तारांचा रोध दर 10 अंशांमागे सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. बोनेटखाली अल्टरनेटर शंभरीच्या आसपास तापला की रोटरमधला (आत फिरणाऱ्या गुंडाळीतला) प्रवाह कमी होतो आणि चार्जिंगची ताकद घटते. नेमकी तेव्हाच गाडी नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) अडकलेली असते, एसी, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू असतात. कमी पडणारा करंट बॅटरीतून जातो. म्हणूनच सकाळी थंड इंजिनावर 14.2 व्होल्ट दाखवून ‘चार्जिंग ओके’ ठरलेली गाडी दुपारी दगा देते.

तेव्हा गाडी अर्धा तास चालवून आणावी. आयडलवर एसी, फुल ब्लोअर, हेडलाइट आणि मागच्या काचेचा डिफॉगर चालू करून बॅटरीवर मोजावे. आकडा 13 च्या वर टिकला तर चिंता नाही. तो 12.8 च्याही खाली घसरत राहिला तर इंजिन 2000 आरपीएमवर न्यावे. तिथे 13.5 च्या पुढे गेला तर अल्टरनेटर बहुधा शाबूत आहे. गुळगुळीत झालेला बेल्ट, सैल टेन्शनर आणि आयडल आरपीएम पाहावेत. 2000 वरही आकडा चढला नाही तर कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा डायोड प्लेटकडे (अल्टरनेटरच्या करंटचा डीसी करणारा भाग) वळावे. अर्थात, गरम हवेत बॅटरीतले पाणी उडू नये म्हणून रेग्युलेटर स्वतःच व्होल्टेज थोडे उतरवतो, त्यामुळे भर दुपारी 13.6 दिसणे हा बिघाड नाही. उलट 15 च्या वर टिकून राहणे जास्त घातक: बॅटरी फुगते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. मायनस टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक कमी-जास्त करतो, तिथे स्कॅनरशिवाय निकाल देऊ नये.

क्वचितच केली जाणारी चाचणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, अर्थात वायर आणि जोडांत वाया जाणारे व्होल्ट मोजणे. याच लोडवर मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (बॅटरीकडे जाणाऱ्या जाड वायरीच्या बोल्टवर) आणि दुसरे बॅटरीच्या प्लसच्या खुंटावरच टेकवावे, त्यावर बसवलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही. फरक 0.3 व्होल्टपेक्षा जास्त नको. अल्टरनेटरची बॉडी ते मायनस खुंट हा फरक 0.2 च्या आत हवा. जास्त आला तर क्लॅम्प उघडून पाहावा: आत पांढरी-हिरवट पूड साचलेली असते. इंजिन ते बॉडीच्या अर्थिंग पट्टीचा बोल्ट वरून चकचकीत आणि वॉशरखाली गंजलेला असू शकतो. खायच्या सोड्याचे पाणी, वायर ब्रश आणि शेवटी पेट्रोलियम जेली एवढ्यावर असे बरेच बिघाड मिटतात.

मल्टिमीटर एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर 0.5 पेक्षा जास्त दिसले तर डायोड गेला समजावे. असा डायोड रात्री उभ्या गाडीतही बॅटरी उतरवू शकतो. बंद गाडीचा ड्रेन (बॅटरीतून ओढला जाणारा करंट), कुलूप लावून अर्ध्या-पाऊण तासाने, 50 मिलिअँपिअरच्या आत असावा.

एक प्रकार मात्र ताबडतोब थांबला पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते पाहायचे, ही ‘परीक्षा’ अजूनही सर्रास चालते. वायर सुटताच व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते आणि ईसीयू (गाडीचा संगणक) किंवा रेग्युलेटर जळू शकतो. ग्राहकांनी सरळ नकार द्यावा.

शहरातल्या गॅरेजचालकांना विनंती आहे की बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलताना बिलावर हे आकडे लिहून द्यावेत: उभ्या गाडीचे व्होल्टेज, तापलेल्या इंजिनावर पूर्ण लोडचे व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही बाजूंचा ड्रॉप. हे आकडे हातात पडेपर्यंत ग्राहकांनीही नव्या बॅटरीला होकार देऊ नये.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, अंबड, नाशिक