‘संबंधित विभाग’ म्हणजे नेमकं कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या चौकातल्या कोंडीची बातमी आली, फोटोसकट. फोटोत उसाची डबल ट्रॉली चौकात आडवी अडकलेली, तिच्यामागं एसटी, आणि एसटीच्या दोन्ही अंगांनी घुसलेल्या मोटारसायकली. बातमीत कोंडीचं खापर ‘बेशिस्त वाहनचालकां’वर फोडलंय आणि शेवटची ओळ नेहमीची: ‘संबंधित विभागाने तातडीने लक्ष घालावे, अशी मागणी नागरिकांतून होत आहे.’ त्याच चौकात मी नोकरीची शेवटची नऊ वर्षं शिट्टी फुंकली. हा संबंधित विभाग कोण, ते मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला नाहीतर पॉइंटवरच्या पोराला नोटीस निघते आणि चौक आहे तसाच राहतो. कृष्णाकाठचं, साखर कारखान्याच्या वाटेवरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

आधी एक गैरसमज. नऊ वर्षं लोक मला ‘आरटीओ साहेब’ म्हणत होते. पांढरा शर्ट आणि खाकी पँट म्हणजे आरटीओ, अशी समजूत आहे. आरटीओ म्हणजे परिवहन खातं. गाडीची नोंदणी, लायसन, फिटनेस, ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहे की नाही हे त्यांचं काम. आम्ही पोलीस. आमचं काम रस्त्यावर वाहतूक चालती ठेवायची, मोडेल त्याच्यावर कारवाई करायची, अपघात झाला तर पंचनामा करायचा. आणि रस्ता? तो आमचाही नाही, आरटीओचाही नाही. हे सांगून माझी जीभ झिजली.

आमच्या चौकाचंच घ्या. मधला डांबरी पट्टा महामार्गवाल्यांचा. त्याला येऊन मिळणारा बाजाररस्ता नगरपालिकेचा. उत्तरेला नदीच्या पुलावरून चढ चढून येणारा रस्ता बांधकाम खात्याचा. सिग्नलचे खांब नगरपालिकेने उभे केले, ते महामार्गाच्या जागेत. विजेचं मीटर नगरपालिकेच्या नावावर, देखभाल ठेकेदाराकडे, कोणत्या बाजूला किती सेकंद हे ठरवलं सल्लागाराने, आणि सिग्नल बंद पडला की शिव्या मला.

माझे वडील मैलकुली होते. आजच्या पोरांना हा शब्द ठाऊक नसेल. बांधकाम खात्यात रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या नावावर असायचा. खड्डा पडला की खडी-मुरूम टाकून धुमसानं ठोकायचा, गटारी मोकळ्या करायच्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे. वडील अडाणी होते, पण त्यांच्या तुकड्यावर बैलगाडी उलटली तर गाडीवान थेट आमच्या दारात येऊन भांडायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. चौकात उभं राहायला लागल्यावर त्या भांडणाची किंमत कळली. माझ्या चौकात कुणी कुणाच्या दारात जायचं?

आता सिग्नलची गोष्ट. सिग्नल बसवायचं ठरलं तेव्हा मोजणीला एका इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं-पोरी आली. चौकाच्या चार कोपऱ्यांत खुर्च्या टाकून बसली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी दिवसभर टॅली. दुपारी चहा पाजला तेव्हा त्यातल्या एका मुलीने मला हिशेब समजावला. गाड्यांची नुसती संख्या मोजत नाहीत, प्रत्येकीचं वजन धरतात. मोटार म्हणजे एक. मोटारसायकल अर्धी. ट्रक किंवा बस तीन. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी? आठ! इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून रस्ते-अभियंत्यांची संस्था आहे, १९३४ सालची, तिने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी घालून दिलेले हे आकडे. मला फार आवडलं ते. जे आम्ही पायावर उभं राहून शिकलो, ते कुणीतरी कागदावर मांडून ठेवलं होतं.

फक्त एक घोळ होता. ही मोजणी झाली जुलै महिन्यात.

जुलैत आमच्या गावात ऊस शेतात असतो. पुलाच्या बाजूने दूधगाड्या, एसटी आणि कॉलेजची पोरं, एवढंच. टॅलीच्या कागदावर बैलगाडीचा रकाना जवळपास कोरा राहिला. मी त्या सल्लागाराच्या माणसाला म्हणालो, “साहेब, दिवाळीनंतर या एकदा.” तो म्हणाला, “वर्कऑर्डरमध्ये एकच मोजणी आहे.” मग बाजाररस्त्याला चाळीस सेकंद आणि पुलाच्या बाजूला पंचवीस सेकंद ठरले. जुलैपुरतं ते बरोबरच होतं.

कारखान्याचा बॉयलर पेटला आणि पंचवीस सेकंदांचं पितळ उघडं पडलं. भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, उभ्या जागेवरून निघून चौक पूर्ण ओलांडायला चौदा-पंधरा सेकंद लागतात. मी हातातल्या घड्याळावर मोजलेत, एकदा नाही, पन्नासदा. म्हणजे दोन ट्रॅक्टर पाठोपाठ असले, तर पंचवीस सेकंदांत दीड निघतो. उरलेला अर्धा कुठं जाणार? चौकाच्या पोटात. तोवर बाजाररस्त्याला हिरवा पडलेला, तिकडून मोटारसायकली सुटलेल्या. असा अडकलेला ट्रॅक्टरवाला बेशिस्त नव्हता, संपादक महोदय. तो हिरव्यावरच निघाला होता.

त्यात पुलाचा चढ. ज्यांनी कधी डबल ट्रॉली ओढलेली नाही त्यांना हे कळणार नाही. चढावर थांबवलेला भरला ट्रॅक्टर पुन्हा सोडला की त्याचं तोंड उचलतं, पुढची चाकं अधांतरी होतात आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. ट्रॉलीमागं शाळेची पोरं सायकली धरून उभी असतात. थांबायचा पांढरा पट्टा नेमका त्या चढावर मारलाय. पट्टा मारणाऱ्याने माप बरोबर घेतलं असेल, चौकापासून इतके फूट वगैरे. पण तो तिथं हंगामात उभा राहिला नव्हता.

हाताने चौक चालवताना मी चढावरच्या ट्रॅक्टरला शक्यतो थांबवत नव्हतो. पुलाच्या पलीकडे, सपाटीवर, होमगार्डचा एक पोरगा उभा करायचो. तो चार-पाच ट्रॅक्टर तिथंच धरायचा, मी हात केला की एका दमात सोडायचा. नवीन पोरांना मी दोनच गोष्टी शिकवायचो. पहिल्या गाडीकडे बघू नको, शेवटची कुठं पोचली ते बघ. आणि पुढचा रस्ता तुंबलेला असेल तर हिरवा असो नाहीतर पिवळा, कुणालाही आत घेऊ नको. चौकाचं पोट रिकामं राहिलं पाहिजे. दोन पाळ्यांच्या मध्ये चारी बाजू दोन-तीन सेकंद लाल ठेवतात तेही याचसाठी, आतले बाहेर पडावेत म्हणून. आमच्या सिग्नलला ती सोय होती. ठेकेदाराच्या माणसाने कुणाच्या तरी सांगण्यावरून ती काढून टाकली, कारण ‘लोक नुसते उभे राहतात’ अशी तक्रार आली होती.

दुसऱ्या हंगामात कंटाळून सिग्नल पिवळ्या लुकलुकीवर टाकला गेला, तो आजतागायत. पिवळा लुकलुकतो म्हणजे वेग कमी करून जपून जा. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘सिग्नल बंद आहे, सुटा’ असा घेतात.

पार्किंगचंही तसंच. बाजाररस्त्याच्या तोंडाशी फळांचे टेम्पो लागतात, त्यामुळे ट्रॅक्टरला वळायला जागा उरत नाही. एकाची पावती फाडायला गेलो तर तो म्हणाला, “पाटी कुठाय?” रागाने अंगाची लाही झाली, पण त्याचं बरोबर होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादा कलम ११२ खाली, ठरावीक गाड्यांना बंदी ११५ खाली, चिन्हं आणि पाट्या ११६ खाली, गाड्या लावायच्या जागा ११७ खाली ठरतात. ते ठरवायचा अधिकार शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, आणि ११७ मध्ये तर स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. म्हणजे अधिसूचना आधी, मग पाटी, मग माझी पावती. सम-विषम तारखेच्या पी-१, पी-२ पाट्यांचा प्रस्ताव मी स्वतः टाईप करून घेतला होता. तो तीन कचेऱ्या फिरला. मी निवृत्त झालो तेव्हा चौथ्या कचेरीत होता.

स्पीडब्रेकरबद्दल थोडंच लिहितो, नाहीतर पत्र लांबेल. शाळेपुढं एका मुलीला जीपने उडवलं, पाय मोडला. गावकऱ्यांनी रातोरात डबर-सिमेंट टाकून वीतभर उंच, दोन फूट रुंद बांध घातला. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, आणि ४० मीटर आधी सूचनेची पाटी. आमच्या बांधाला ना पाटी ना पांढरा रंग. पुढच्या पंधरवड्यात तिथंच दोन मोटारसायकलवाले पडले. गावकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी अर्ज आधी दिला होता, पण तो ‘संबंधित विभागाकडे’ वर्ग झाला होता.

हा शब्द येतो कुठून, तेही पाहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ प्रमाणे जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती असते. आमच्या साहेबांची फाईल धरून मी तीन-चार बैठकांना मागच्या रांगेत बसलो. माणसं वाईट नव्हती. अभियंते, परिवहनचे अधिकारी, आमचे साहेब, सगळे टेबलाला. आमच्या चौकाचा विषय निघाला की प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं बरोबर सांगितलं. इतिवृत्तात ओळ आली: ‘संबंधित विभागाने समन्वयाने कार्यवाही करावी.’ पुढच्या बैठकीत तीच ओळ, तारीख वेगळी.

शिवाय आमचा चौक अपघातप्रवण क्षेत्रात बसत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राची व्याख्या अशी आहे की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. आमच्याकडे ट्रॅक्टरला घासून पडलेला माणूस धूळ झटकतो, आरसा फुटला म्हणून दोनशे रुपये घेतो आणि जातो. आपसात मिटलेल्या गोष्टीची स्टेशन डायरीत नोंद होत नाही आणि व्याख्येतही ती येत नाही. १० मृत्यू मोजून होईपर्यंत थांबायचं असेल, तर वेगळी गोष्ट.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे वा देखभालीअभावी कुणी दगावला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. मी वाचलं तेव्हा वाटलं, चला, आता चौकाला मालक सापडणार. पण त्यासाठी आधी माणूस दगावावा नाहीतर अपंग व्हावा लागतो, आणि मग यंत्रणा कुठली हे ठरवावं लागतं. पुन्हा आलो तिथंच.

माझं मागणं मोठं नाही. उड्डाणपूल नको. हंगाम सुरू झालाय. येत्या पंधरा दिवसांत एक मोजणी पुन्हा करा, सकाळी सहा ते दहा आणि रात्री आठ ते बारा, कारण ऊस रात्रीच जास्त येतो. पुलाच्या बाजूचे सेकंद हंगामापुरते वेगळे ठेवा आणि ट्रॅक्टर पुलापलीकडे सपाटीवर धरा. मधली लाल पाळी परत घाला. आणि सिग्नलच्या खांबावर एक पत्र्याची पाटी लावा: डांबर कुणाचं, खांब कुणाचा, दिवा कुणाचा, सेकंद कोण बदलतो, आणि प्रत्येकासमोर कचेरीचा फोन. निदान भांडायला दार कळेल. बातमीदारांनाही विनंती, पुढच्या बातमीत ‘संबंधित’ लिहायच्या आधी त्या पाटीवरून एक नाव उचला.

जाता जाता. सिग्नलच्या पेटीची एक चावी ठेकेदाराच्या माणसाने बसवतानाच माझ्याकडे दिली होती, “हवालदार, तुम्हीच इथं असता” म्हणून. (मी तेव्हा सहायक फौजदार झालो होतो, पण असो.) निवृत्तीच्या दिवशी पट्टा, शिट्टी, रेनकोट जमा केला. चावी पुढं केली तर स्टोअरचा कारकून म्हणाला, ही आपल्या रजिस्टरला नाही. नगरपालिकेत गेलो, ते म्हणाले ठेकेदाराकडे द्या. ठेकेदाराचा करार संपलेला, फोन लागत नव्हता. चावी आमच्या घरी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेली आहे, गंजू नये म्हणून दर अमावास्येला खोबरेल तेल लावतो. संबंधित विभागाने ओळखपत्र दाखवून घेऊन जावी. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, वाहतूक
(नाव व पत्ता संपादकांकडे)