टाळू बघा, टेप लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळाच्या ‘डोक्यात पाणी झालंय’ असे कळले की घरात पहिला आळ येतो तो न्हाऊ घालणाऱ्या बाईवर. तिने कानात पाणी जाऊ दिले, असे म्हणतात. हे पाणी बाहेरून येतच नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते सतत तयार होते. मोठ्या माणसात दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास, पण मेंदू आणि मणक्यात मिळून एका वेळी असते ते दीडशे मिलीलिटरच. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळे पाणी बदलते. जुने रक्तात मुरते, नवे येते. मुरण्याची वाट कुठे अडली की पोकळ्या फुगतात. ‘सुईने एकदा काढून टाका की’ हा सल्ला यामुळेच टिकत नाही, कारण काढलेले काही तासांत पुन्हा भरते.

वाट अडण्याची कारणे वेगवेगळी. तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीला जोडणारा मार्ग मुळातच बारीक, तो काही बाळांत जन्मतः अरुंद असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूत रक्तस्राव होतो आणि गुठळ्यांनी मार्ग बुजतो. मेंदूच्या मागच्या भागातली गाठ हेही एक कारण. आपल्याकडे क्षयरोगाचा मेंदूज्वर विसरून चालणार नाही: दोन-तीन आठवडे बारीक ताप, उलट्या, चिडचिड, मग झोपाळूपणा. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना या प्रकारापासून बऱ्यापैकी वाचवते. आणि पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांपैकी अनेकांना पुढे डोक्यात पाणी होते. पाठीचा हा भाग गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच बंद व्हायचा असतो, तेव्हा पाळी चुकल्याचेही अजून नीट लक्षात आलेले नसते. त्यामुळे फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरवल्यापासूनच, निदान महिनाभर आधी, रोज सुरू हवी. चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी यासाठी उपयोगाची नाही. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डोस कितीतरी जास्त लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. आळ ज्या बाईवर येतो, तिच्याच हाताला हा आजार सर्वांत आधी कळू शकतो. टाळू भरताना बाळ रडत नसेल आणि अंगाशी उभे धरले असेल तर टाळू सपाट किंवा किंचित खोलगट लागते, बोटाखाली हलकी धडधडते. रडताना ती वर येतेच, त्याची काळजी नको. पण शांत बाळाची टाळू ताठ, फुगीर लागली, कपाळावरच्या शिरा उठून दिसल्या, बुबुळे खाली गेल्यासारखी होऊन वर पांढरे दिसू लागले, तर पुढच्या लसीची वाट बघू नये.

टेप न ताणणारी हवी. शिंप्याची जुनी टेप सैल झालेली असते, ती नको. कुंची काढून, भुवयांच्या लगेच वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून तीनदा मापावे आणि मोठा आकडा तायी कार्डाच्या (कर्नाटकात मिळणारे आई-बाळाचे आरोग्य कार्ड) कोपऱ्यात तारखेसह लिहावा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना बाळ येतेच. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंमी असतो. पहिले तीन महिने दरमहा दोनेक सेंमी, पुढचे तीन महिने एक, नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंमी वाढतो. एकटा मोठा आकडा काही सांगत नाही, कधी बापाचेच डोके मोठे असते. वेग बघायचा. चार आठवड्यांत तीन सेंमी वाढले तर सोनोग्राफी करून घ्यावी. टाळू उघडी आहे तोवर ती भूल न देता होते.

उपचार दोन. शंट म्हणजे सुमारे अडीच मिलीमीटर जाडीची सिलिकॉनची नळी: एक टोक मेंदूच्या पोकळीत, कातडीखालून कानामागून मान आणि छातीवरून दुसरे टोक पोटात, मध्ये एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप. शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट आयात शंटपेक्षा बराच स्वस्त पडतो. दुसरा उपचार दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडण्याचा. त्यात नळी राहत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तो जास्त वेळा फसतो.

शंट बिघडतो, हे आधीच माहीत असलेले बरे. लहान मुलांत पहिल्या वर्षातच साधारण तिसरा हिस्सा शंट तुंबतात किंवा त्यांत जंतुसंसर्ग होतो. संसर्ग बहुधा पहिल्या सहा महिन्यांत दिसतो: ताप, नळीच्या मार्गावर लाली, पोटदुखी. पुढे मूल उंच होते तशी नळी मानेपाशी तुटू शकते. सकाळच्या उलट्या, डोकेदुखी, झोपेतून न उठणे ही बिघाडाची खूण समजावी. पित्त म्हणून सोडून देऊ नये. कानामागची झडप दाबून बघायची सवयही नको.

सीमाभागात एक अडचण जास्तीची. शस्त्रक्रिया बेळगावला, आणि वर्षभराने उलट्या झाल्या की मामाच्या गावाजवळचे म्हणून मिरज किंवा कोल्हापूर. जुने सीटी फिल्म घरी पेटीत. शंट असलेल्या मुलाच्या पोकळ्या अनेकदा मोठ्याच राहतात, त्यामुळे आधीचे फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय नव्या डॉक्टरांना त्या आता फुगल्या की आधीपासून तशाच, हे ठरवता येत नाही. फिल्म, शंटचा प्रकार, दाब, बाजू आणि तारीख यांचे फोटो आई-वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये हवेत. खर्चासाठी सरकारी योजनाही दोन: इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडे २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना. आपले कार्ड कुठल्या रुग्णालयात चालते, हे मूल बरे असतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयात या योजनांची मदत करणारा कर्मचारी) विचारून ठेवावे.

घरातल्या म्हाताऱ्यांचेही थोडे. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणे आणि विसराळूपणा एकत्र दिसले तर वय झाले म्हणून गप्प बसू नये. पाठीतून ३० ते ५० मिलीलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल ताडून बघतात. चाल सुधारली तर त्यांनाही शंटचा फायदा होण्याची शक्यता असते.

आपल्या,
बालरुग्ण विभागातील परिचारिका, बेळगाव