सावर फुलली, ही पण बातमीच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी फिरायला निघाले होते, हवेत अजून गारवा होता, अंगात स्वेटर होता, आणि वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथं पायापुढे थप्प करून काहीतरी पडलं, बघते तर सावरीचं फूल. मान वर केली तर झाडावर पान म्हणून नाही, नुसत्या आडव्या पसरलेल्या करड्या फांद्या, त्यांच्यावर सुपारीएवढ्या गच्च मिटलेल्या कळ्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात उमललेली फुलं मोजून अकरा. यंदाची पहिली.

फूल उचलून घेतलं. ज्यांनी हे जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, सावरीचं फूल चांगलंच जड असतं, तळहात भरून जातो. पाकळ्या पाच, जाडजूड, चामड्यासारख्या, बुडाशी हिरवी वाटी आणि मध्ये पुंकेसरांचे झुबके. आत बोट घातलं की ओलसर चिकट लागतं, तो त्याचा मध. त्या मधासाठी वर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, खारी सगळ्यांची झुंबड असते, भोरड्यांचा थवा आला तर विचारूच नका, आणि प्रत्येक जण फुलात डोकं खुपसून बाहेर येतो तेव्हा चोचीला कपाळाला पराग लागलेले असतात, तेच घेऊन तो पुढच्या झाडावर जातो. पान नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, झाडाचं कामही सोपं होतं.

घरी आले, चहा घेतला आणि तुमचं वर्तमानपत्र उघडलं. हवामानाच्या चौकटीत कमाल तापमान होतं, किमान होतं, सूर्योदय सूर्यास्त होता, आर्द्रता पण होती. सावर फुलल्याचं कुठे नव्हतं. आता तुम्ही म्हणाल हे काय छापायचं, पण मला अगदी मनापासून वाटतं की छापायला हवं, आणि ते का हे सांगायलाच हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपण शाळेत ऋतू पाठ केले ते चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म असे. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की वसंत म्हणजे चैत्र, आणि चैत्रापर्यंत तर ऊन इतकं चढलेलं असतं की लोक म्हणतात कसला वसंत, आपल्याकडे थेट उन्हाळाच. तसं नाहीये हो. झाडं चैत्राची वाट बघत नाहीत. पौष संपता संपता, माघात, आपण अजून थंडी थंडी म्हणत असतो तेव्हाच त्यांची हालचाल सुरू झालेली असते, फक्त ती इतकी बारीक असते की मुद्दाम थांबून बघितल्याशिवाय दिसत नाही. आंब्याच्या फांदीच्या टोकाला डोळा फुगलेला असतो. पळसाच्या काटक्यांवर काळपट मखमली कळ्यांचे घोस धरलेले असतात, लांबून वाटतं झाड वाळलंय. पिंपळाची जुनी पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात, थोड्याच दिवसांत त्या जागी तांबूस, तेल लावल्यासारखी चकाकणारी पालवी येणार असते. कोवळ्या पानांचा हा तांबूस रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, हिरवा रंग पुरता भरेपर्यंत ते कोवळ्या पानाला तीव्र उन्हापासून जपतं असं मानतात. कुसुमाच्या झाडाची पालवी तर इतकी लाल असते की नवख्या माणसाला ती फुलंच वाटतात.

यातली मला सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट म्हणजे पाऊस यायला अजून चार महिने असतात, जमीन वरून वाळत चाललेली असते, आणि अशा वेळी झाडं नवीन पालवी काढतात. मी बरीच वर्षं समजत होते की हे उष्णतेमुळे होतं. पण रानातल्या बऱ्याच पानगळीच्या झाडांना इशारा मिळतो तो दिवस वाढल्याचा. २१-२२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान, तिथून रोज थोडा थोडा वाढत २०-२१ मार्चला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. तापमान एखाद्या वर्षी फसवेल, फेब्रुवारीत अचानक थंडी परत येईल, पण दिवसाची लांबी कधी फसवत नाही. आणि पाणी म्हणाल तर जुनी पानं टाकून झाडानं खर्च कमी केलेला असतो, मुळं खोल गेलेली असतात, तिथल्या ओलीवर हे सगळं चालतं.

पक्ष्यांचंही तसंच. दिवस वाढलाय हे पक्ष्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूतल्या काही पेशींना थेट जाणवतो, तिथून शरीरात संप्रेरकं सुटतात आणि मग गाणं, घरटं, पिल्लं हे सगळं सुरू होतं. हे वाचल्यापासून मी पहाटे कोकीळ ऐकला की आधी खिडकीतला उजेड बघते. गाणारा नर असतो बरं का, काळाभोर, लाल डोळ्यांचा. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती किक किक करते. सुरुवातीला त्याचा आवाजही अर्धवट असतो, दोन-तीनदा कुहू म्हणून गप्प, पुढच्या आठवड्यात जरा लांब, आणि मग एक दिवस सूर चढवत चढवत असा सुटतो की थांबतच नाही. तांबटाचं मात्र पहिल्या दिवसापासून एका लयीत टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं, त्याच्यावरून तर नाव पडलं.

तांबटावरून एक गोष्ट सांगावीच लागेल. मागे एकदा ओळखीच्या एका आवारात जुन्या झाडाच्या वाळक्या फांदीत तांबटाची जोडी भोक पाडत होती. फांदीच्या खालच्या बाजूला, दोन-एक इंचाचं, इतकं गोल की पेन्सिलनं आखून घेतल्यासारखं. दोघं आळीपाळीनं कोरायची, चोचीत भुसा घेऊन बाहेर यायची, मान झटकून तो उडवायची आणि परत आत. मी बारा दिवस रोज बघत होते. तेराव्या दिवशी फांदी नव्हती. वाळकी दिसते, आवार स्वच्छ करायचंय म्हणून छाटून टाकली होती. करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, त्याला फक्त वाळकी फांदी दिसली, पण ती जोडी पुढे दोन दिवस त्या रिकाम्या जागी येऊन बसत होती ते मला बघवलं नाही. तांबट घर करतो ते मेलेल्या, मऊ पडलेल्या लाकडातच, ओल्या फांदीत त्याला कोरता येत नाही. म्हणून हात जोडून विनंती आहे, फांदी कुणाच्या डोक्यावर पडायचा धोका नसेल तर फेब्रुवारी ते मे ती राहू द्या, आणि छाटायचीच असेल तर आधी खालून एकदा नीट बघा.

बागेतला वसंत याहून बारीक. गॅलरीत चार कुंड्या असतील तरी दिसतो. कढीपत्ता थंडीत पिवळा पडून गळतो, लोक म्हणतात मेला, उपटून टाकतात, जरा थांबा, खोडावर नखानं किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर तो जिवंत आहे आणि काही दिवसांत टोकाला पोपटी कोंब दिसतील. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे थंडी सरता सरता त्याची छाटणी केली तर तो फांद्याही काढतो आणि फुलतोही भरभरून. लिंबाला कोवळी तांबूस पालवी येते आणि तिथं खरी गंमत आहे. या पालवीवर लिंबाचं फुलपाखरू एकेक अंडं घालतं, मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा गोल मणी. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा, म्हणजे पक्षी खाणारच नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुशिंगी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती पानं खाते, हो, खाऊ द्या. झाडाला पालवी परत येते. तिच्यावर फवारा मारला तर ते फुलपाखरू परत येत नाही. कोंबावर मावा दिसला तरी लगेच बाटली काढू नका, आठवडाभर वाट बघा, ठिपक्यांचे लाल भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या तो खायला येतात.

मोहोराबद्दल लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारो फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर, फळ धरणारी थोडी, आणि धरलेल्यातलीही बहुतेक गळून जातात. भर मोहोराच्या झाडाखाली सकाळी उभं राहा, गुणगुण ऐकू येते, त्यात मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त असतात. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात हे किती जणांना माहीत असेल.

तर आता मुद्द्यावर येते. हे सगळं बघायचं आणि तारीख लिहून ठेवायची, एवढंच माझं म्हणणं आहे. हे वेडं काम नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, कोणतं फूल कधी आलं, कोणत्या झाडाला पान कधी फुटलं, कुक्कू पहिल्यांदा कधी ऐकला, बेडूक कधी ओरडला, अशा २७ खुणा, आणि त्याच्यामागे घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी १९५८ पर्यंत ते चालू ठेवलं. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या मिळतात, दरबारी मंडळींनी, भिक्षूंनी रोजनिशीत लिहिलेल्या. त्यांना हवामानाचा अभ्यास करायचा नव्हता, आज फुलं बघायला गेलो एवढंच त्यांनी लिहिलं. पण तेवढ्यामुळे आज कळतं की २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला भर बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींमधला सगळ्यात लवकरचा होता. कुठल्याही उपकरणानं हे सांगितलं नसतं, कारण तेव्हा थर्मामीटरच नव्हते.

आणि लवकर येण्यानं काय बिघडतं असं कुणी विचारेल. नेदरलँड्समध्ये बल्गुलीसारख्या छोट्या पक्ष्यांवर बरीच वर्षं अभ्यास झालाय, तिथं ओकची पालवी लवकर येऊ लागली, पालवीवरच्या अळ्या लवकर आल्या, पण पक्ष्यांची अंडी घालायची वेळ तेवढी लवकर आली नाही, त्यामुळे पिल्लांना भूक लागते तेव्हा अळ्यांचा भर ओसरायला लागलेला असतो. झाड, किडा, पक्षी यांची वेळ एकमेकांत गुंतलेली असते. आपल्या पळसाचं, कोकिळाचं, लिंबाच्या अळीचं काय चाललंय हे कळायला आपल्या नोंदी लागतील, क्योतोच्या चालणार नाहीत. सीझनवॉच नावाचा उपक्रम भारतात हेच काम करतोय, शाळेतली मुलं आणि मोठी माणसं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवतात.

तर संपादकसाहेब, हवामानाच्या चौकटीखाली दोन ओळींची जागा द्या. वाचकांनी कळवायचं, काय दिसलं, कुठे, कोणत्या तारखेला, बस. निबंध नको, फोटो असला तर उत्तम. माझ्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगते. झाड एकच धरा, दरवर्षी तेच, कारण शेजारशेजारच्या दोन सावरींमध्येसुद्धा पंधरा दिवसांचा फरक पडतो, यंदा हे आणि पुढच्या वर्षी ते बघितलं तर काहीच कळणार नाही. पहिलं फूल आणि भर बहर या दोन तारखा वेगळ्या लिहा. ज्या दिवशी बघायला गेलात आणि काही दिसलं नाही तेही लिहा, ते फार कामाचं असतं. आणि एका वर्षी लवकर फुललं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, मला स्वतःला पाच-सहा वर्षं झाल्यावर कुठे वहीत काही दिसायला लागलं.

माझ्याकडून सुरुवात म्हणून यंदाच्या नोंदी देते. सावर, पहिली फुलं, परवा, अकरा. पळस, कळ्या काळ्या, एकच फाटलेली, आतून नारिंगी डोकावतंय, अजून उमललेलं नाही. कोकीळ, काल पहाटे, तीनदा, अर्धवट. लिंबू, कोंब आलेत, अंडी नाहीत, आज दुपारी परत बघणार आहे.

आपली एक नियमित वाचक