बंद राइड्सची माहिती न देता पूर्ण दराने तिकिटे विकल्याबाबत तक्रार

नाशिक
दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मनोरंजन उद्यान कंपनी

विषय : दि. १९ नोव्हेंबर २०२५ रोजीच्या तिकिटांचा व पासांचा परतावा मिळणेबाबत.

महोदय,

वरील तारखेला मी व माझे यजमान आपल्या उद्यानात आलो होतो. त्यासाठी आपल्या संकेतस्थळावरून आम्ही प्रत्येकी १,५९९ रुपयांची दोन तिकिटे आणि रांगेत न थांबता राइडवर सोडणारे प्रत्येकी ८०० रुपयांचे दोन पास आगाऊ घेतले होते. पैसे भरताना बिलात ‘सामाजिक कार्यासाठी देणगी’ म्हणून ५० रुपये आपोआप मिळवले गेले, ते धरून आम्ही एकूण ४,८४८ रुपये भरले. तिकिटे, पास आणि बँकेची नोंद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आम्ही मुख्यतः आपल्या मोठ्या रोलर कोस्टरसाठी आलो होतो. आपल्या मराठी जाहिरातीत सर्वांत मोठे छायाचित्र त्याचेच आहे. प्रवेशद्वारावर तिकिटे तपासली गेली, मनगटाला पट्ट्या बांधल्या गेल्या, पासांवर शिक्के बसले. मात्र कोणती राइड बंद आहे याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही आणि तसा फलकही कोठे नव्हता. उद्यान ओलांडून कोस्टरपाशी पोहोचल्यावर साखळी लावलेली दिसली आणि तिच्यावर ‘देखभालीसाठी बंद’ असा कागद चिकटवलेला होता. त्या कागदाची शाई उन्हाने फिकट झाली होती, कोपरे वळले होते आणि एका बाजूची चिकटपट्टी निघाल्यावर तिच्यावर दुसरी लावलेली होती. तो कागद त्या दिवशी सकाळी लावलेला नव्हता, हे कोणालाही कळले असते. तेथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारले तेव्हा त्याने, “मॅडम, गेल्या आठवड्यापासून बंद आहे, सुटा भाग यायचा आहे,” असे सरळ सांगितले. त्या दिवसभरात आम्हाला खरी माहिती देणारा तो एकच माणूस होता, त्यामुळे या पत्रावरून त्याला कोणताही त्रास होऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पुढे चौकशी करता, पासावर छापलेल्या सहा राइड्सपैकी कोस्टर धरून तीन बंद असल्याचे समजले. ज्या तीन चालू होत्या त्यांच्यापुढे, आठवड्यातला मधला वार असल्याने, रांग अशी नव्हतीच. म्हणजे १,६०० रुपयांच्या पासांचा आम्हाला काडीचाही उपयोग झाला नाही.

देखभालीसाठी राइड बंद ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसे बसवून वेगाने फिरवायच्या यंत्रात शंका असेल तर ते बंदच ठेवले पाहिजे, आणि त्यासाठी कोणी आपणास दोष देऊ नये. माझी तक्रार आहे ती हे ठाऊक असूनही आपण आम्हाला सांगितले नाही, याबद्दल. जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, त्यामुळे पाळणा बंद असला तर निदान पैसे तरी आपल्याकडेच राहतात. आपल्याकडे मात्र सर्व राइड्सचे मोल दारातच एकरकमी घेतले जाते, आणि म्हणूनच त्यांतल्या कोणत्या चालू आहेत हे पैसे घेण्यापूर्वी सांगण्याची जबाबदारी आपणावर अधिक येते. टोकियो डिस्ने रिसॉर्टच्या संकेतस्थळावर कोणती राइड कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद राहील हे आधीच जाहीर केले जाते आणि लोक ते पाहून आपला दिवस ठरवतात. आम्हालाही तेच करता आले असते. यजमानांना कारखान्यातून रजा सहजासहजी मिळत नाही, आणि मिळालेली रजा आम्ही दुसऱ्या तारखेवर नेली असती.

ग्राहक सेवा कक्षात आम्ही ही बाब मांडली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी तिकिटाच्या मागील अटीकडे बोट दाखवले. व्यवस्थापन पूर्वसूचना न देता कोणतीही राइड बंद ठेवू शकते आणि परतावा मिळणार नाही, असे तेथे बारीक इंग्रजीत छापलेले आहे. परंतु अचानक बिघडलेली राइड आणि आठवडाभर बंद असलेली राइड यांना एकच अट लावता येणार नाही. शिवाय, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी २०२२ मध्ये जारी झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील दाव्यासोबतचा खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि खुलाशाच्या आडून महत्त्वाची माहिती दडवता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये तर आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

देणगीची रक्कम लहान असली तरी तिचाही उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. ग्राहकाची संमती न घेता बिलात देणगी मिळवणे हा प्रकार नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे संकेतस्थळावर ग्राहकाची फसगत करणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्टपणे निषिद्ध ठरवला आहे. देणगी आम्ही स्वखुशीने देतो, पण ती कोणाला व किती द्यायची हे आम्हीच ठरवतो.

कक्षातून आम्हाला पुढील भेटीसाठी सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले, ते आम्ही नाकारले. तीन महिन्यांत, तेही शनिवार-रविवार वगळून, पुन्हा भाडे खर्चून नाशिकहून यायचे आणि कोस्टर चालू असेल याची हमी मात्र तेव्हाही नाही, अशा कूपनाला परतावा म्हणता येत नाही.

म्हणून दोन्ही पासांचे १,६०० रुपये व देणगीचे ५० रुपये पूर्ण परत करावेत आणि तिकिटांच्या ३,१९८ रुपयांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे १,५९९ रुपये, परत करावी. अशी एकूण ३,२४९ रुपयांची रक्कम मूळ बँक खात्यात जमा व्हावी. तसेच त्या-त्या दिवशी बंद असलेल्या राइड्सची यादी संकेतस्थळावर पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर आणि तिकीट खिडकीवर मराठीत लावावी. पैशांइतकीच ही दुसरी मागणीही मला महत्त्वाची वाटते, कारण आमच्या पुढे-मागे आलेल्या कुटुंबांत गावाकडून लहान मुलांना घेऊन आलेले अनेकजण होते आणि त्या साखळीपाशी येऊन तेही आमच्यासारखेच परत फिरत होते.

त्रुटीयुक्त सेवेचा मोबदला, बिलात मुदत दिलेली नसल्यास, तीस दिवसांत परत न करणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत आपले लेखी उत्तर व परतावा न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा अधिकार आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. ती वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

साखळीवरील कागदाचे, तारीख व वेळ दिसेल असे छायाचित्रही या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली विश्वासू,
(तिकीटधारक ग्राहक, स्वतःकरिता व पतीकरिता)