मांजराची शेपटी रबराची नसते

महोदय,

कार्टून आणि मोबाइलवरचे गेम पाहून मुले जनावरांशी दुष्टपणे वागू लागली आहेत, अशी तक्रार हल्ली पालकसभेत आणि गावच्या पारावरही ऐकू येते. हे पत्र लिहिणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकजण जनावरांचा डॉक्टर आहे, दुसरी प्राथमिक शिक्षिका. तक्रार खोटी नाही, पण बोट चुकीच्या जागी ठेवले जात आहे, असे आम्हाला वाटते.

मुळात हे खेळ कार्टूनच्या आधीचे आहेत. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणे, गलोलीने चिमण्या-होले पाडणे, दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला लवंगी फटाक्यांची माळ लावणे, हे सगळे गावात टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. मग कार्टूनचा दोष कोणता? त्यात मार असतो, पण मारानंतरचे दुखणे नसते. १९४० साली अमेरिकेत जन्मलेल्या टॉम-जेरी या मांजर-उंदराच्या जोडीपासून आजवर हेच चालले आहे. मांजर इस्त्रीखाली चपटे होते आणि पुढच्या क्षणी फुगून उभे राहते.

या विषयावर एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या ९६ मुलांवर तो केला. काही मुलांनी मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना समोर पाहिले, काहींनी तेच फिल्मवर पाहिले, आणि काहींना टीव्हीवर काळ्या मांजराच्या वेषातली बाई तेच करताना दाखवली. तिन्ही गटांतली मुले काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त आक्रमक वागली, फिल्म आणि टीव्ही पाहिलेली तर जवळजवळ दुप्पट. मात्र हे माप पाहिल्यानंतर थोड्याच वेळात घेतलेले होते, आणि बाहुली पाडली की पुन्हा उभी राहणारी होती. मुले पाहिलेले करून बघतात, एवढे त्यावरून नक्की कळते. त्यावरून मूल क्रूर झाले असे म्हणता येत नाही. पण त्या बाहुलीच्या जागी मांजराचे पिल्लू आले तर काय होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

मांजराला शेपटीला धरून उचलले किंवा ओढले, की शेपटीच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंना ताण बसतो. शेपटी लुळी पडते हे दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की लघवीवर ताबा ठेवणारे तंतू तिथेच असल्याने मूत्राशय तुंबते आणि ते हाताने दाबून रिकामे करावे लागते. महिनाभरात ताबा परत आला तर आला, पुढे आशा कमी. मांजर नेहमी चार पायांवर पडते हेही अर्धेच खरे. हवेत ते वळते, पण गच्चीवरून पडले तर हनुवटी जमिनीवर आपटते, जबडा मोडतो, टाळू फाटतो, फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठते.

यात्रेत रंगवलेली कोंबडीची पिल्ले मिळतात. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते. छातीचे हाड खाली-वर हलले तरच हवा आत जाते. प्रेमाने मुठीत घट्ट धरलेले पिल्लू म्हणून काही मिनिटांत गुदमरते, आणि मुलाला वाटते ते झोपले. पिल्लू दोन ओंजळींत, पाय टेकलेले, बोटे सैल, असेच धरायला शिकवावे. शिवाय पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. खोक्यात नुसत्या चिंध्या घालून ते रात्र काढत नाही. कार्टूनमधले कासव कवच काढून बाजूला ठेवते, तेही एकदा समजावून सांगण्यासारखे आहे. कवच हे कासवाच्या कण्याला आणि बरगड्यांना जोडलेले हाड आहे, त्यावर दगड मारला तर तो हाडावर बसतो.

दुसरे नुकसान मुलाचे स्वतःचे होते. पडद्यावरचे कुत्रे माणसासारखे हसते. खरे कुत्रे आधी इशारा देते: अंग ताठ, कान मागे, ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, मग गुरगुरणे. शेपटी हलते म्हणजे ते खूश आहेच असे नाही. ताठ उभी शेपटी भरभर हलत असेल तर मुलाने मागे सरावे, पळू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ तर जाऊच नये. सारंगखेड्याच्या यात्रेत मुले घोड्यांच्या इतकी जवळ जातात, तिथेही हेच. घोड्याला बरोबर मागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. कान मागे चिकटवले की थांबावे. पिसाळल्याचा संशय असलेले जनावर चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्रे चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिखट, हळद, चुना काही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

आमची खरी काळजी कार्टूनपेक्षा रील्सची आहे. तिथे जनावर खरे असते आणि हसणारा माणूसही. मांजराला काकडी दाखवून घाबरवणे, माकडाला कपडे घालून चापट मारणे, हे मूल ‘गंमत’ या नावाखाली पाहते. त्याहून फसवे असतात ते ‘प्राण वाचवले’ प्रकारचे व्हिडिओ: पिल्लाला स्वतःच खड्ड्यात टाकायचे, शेजारी साप सोडायचा, मग वाचवायचे. कॅमेरा घटनेच्या आधीपासून नीट लावलेला, एकाच पिल्लावर तिसऱ्यांदा संकट, आणि वाचवणारा मदतीऐवजी चित्रणात गुंतलेला, एवढे दिसले की ओळखावे. यूट्यूबने असे रचलेले व्हिडिओ २०२१ पासून आपल्या नियमांत बंद केले आहेत. म्हणून नुसते पुढे ढकलू नये, तक्रारीचे बटण दाबावे.

गेमबद्दल थोडेच. पाहायचे ते एवढे, की गुण कशाचे मिळतात. हरीण पडले की गुण आणि ते लगेच नाहीसे, असा गेम जखमी हरणाचा विचार मुलापर्यंत पोहोचूच देत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये पालकांसाठी पिन लावून ३+ किंवा ७+ ची मर्यादा ठेवता येते, पण आधी उतरवलेले गेम तसेच राहतात, ते हाताने काढावे लागतात.

हे सगळे करूनही, मुलाने घरी पाहिलेले पडद्यापेक्षा खोल जाते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारे मूल दुसऱ्या आठवड्यात तोच बैल शेपटी पिळून हाकला जाताना बघते. शेपटीत मणके असतात, पिळल्याने ते निखळतात आणि मोडतात. खिळ्याची काठी वापरायला १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनीच बंदी आहे. त्याच नियमांत दिवसाला ९ तासांहून जास्त काम नको, सलग ५ तासांहून जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांपुढे असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपणे नको, असे लिहिले आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ही वेळ पाळणे म्हणजे मुलाला समोर धडा देणे आहे. कायद्याचा धाक मात्र फारसा नाही. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, तो आजही तेवढाच आहे.

एखादे मूल मात्र लपून, पुन्हा पुन्हा, जनावर कळवळले तरी मजा घेत असेल, तर त्याला मारू नये आणि ‘मोठे झाल्यावर सुटेल’ असेही म्हणू नये. १९८७ पासून मनोविकारतज्ज्ञ हे वर्तनविकाराचे एक लक्षण मानतात. असे मूल पुष्कळदा स्वतः मार खात असते किंवा घरात मार पाहत असते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. जखमी जनावर सापडले तर १९६२ या फोन क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवता येते.

जिल्हा परिषदेच्या शाळांना आमची एक विनंती आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौथीच्या वर्गाला वर्षातून एकदा अर्ध्या तासासाठी न्यावे. शेळी मालकाने धरून ठेवावी, डॉक्टरांनी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप टेकवावा, आणि मुलांनी एकेक करून ऐकावे. मिनिटाला साधारण ७० ते ९० ठोके पडतात. मग तोच स्टेथोस्कोप मुलाच्या छातीवर लावून त्याचे त्याला मोजू द्यावेत. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

आपले,
एक पशुवैद्यक आणि एक प्राथमिक शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव